वर्गाला वळण लावताना: पुण्यातल्या शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी

जूनच्या मध्यात शाळा भरते आणि डी.एल.एड. किंवा बी.एड. हे शिक्षक-प्रशिक्षण नुकतंच संपवलेले कितीतरी जण पहिल्यांदा स्वतःचा वर्ग हातात घेतात. पाठाचं टाचण तयार असतं, तक्ते तयार असतात. आठवड्याभरात कळतं की अडचण पाठात नाहीच. तास सुरू होण्याआधीची चार मिनिटं, वह्या काढतानाचा गोंधळ, दोन तासांमधली पळापळ, इथे सगळं सांडतं. मग आवाज चढतो, घसा बसतो आणि 'हा वर्गच वाह्यात आहे' असा निष्कर्ष निघतो.

हा लेख मुख्यतः तिसरी ते नववीच्या वर्गांसाठी आहे. यातलं सगळं एका गोष्टीवर उभं आहे: वर्गातलं वागणं मुलांना शिकवावं लागतं, जसा भागाकार शिकवावा लागतो. दाखवायचं, करून घ्यायचं, चुकलं की पुन्हा करून घ्यायचं. 'नीट वागा' असं सांगून ते येत नाही.

आधी हिशेब

शिस्त कशासाठी, हे मुलांना आणि पालकांना सांगताना संस्कार, आदर वगैरे शब्द वापरण्याआधी घड्याळ दाखवा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन सांगितलं आहे. पहिली ते पाचवीसाठी २०० दिवस आणि ८०० तास. समजा दिवसाला ३५ मिनिटांच्या आठ तासिका आहेत आणि प्रत्येक तासिकेत फक्त ३ मिनिटं 'ए गप्प बसा' यात गेली. दिवसाला २४ मिनिटं. २२० दिवसांत ५,२८० मिनिटं, म्हणजे ८८ तास. तासिकांच्या भाषेत दीडशे. आठवड्याला चार तासिका असलेल्या विषयाचं हे अख्खं वर्ष झालं.

हे नुकसान सगळ्यांचं सारखं नसतं. ज्याला संध्याकाळी क्लास आहे किंवा घरी शिकवणारं कुणी आहे, तो भरून काढतो. ज्याचं शिकणं फक्त शाळेतच होतं, त्याचं गेलं ते गेलं. वर्ग शांत हवा तो या मुलासाठी. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी तक्रार केली म्हणून किंवा पर्यवेक्षक फेरीला येणार म्हणून नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी १९७० च्या सुमारास शांत आणि गोंधळी अशा दोन्ही वर्गांतल्या शिक्षकांचं बारकाईने निरीक्षण केलं. मुलं बिघडल्यावर दोन्हीकडचे शिक्षक जवळपास सारखंच बोलत-रागावत होते. फरक होता तो आधीच्या तयारीत: सगळ्या वर्गावर नजर असणं, एका कामातून दुसऱ्यात सहज नेणं, तासाचा ओघ न तुटू देणं. म्हणून या लेखातही शिक्षेपेक्षा तयारीलाच जास्त जागा आहे.

बाकांपासून सुरुवात

शाळा भरण्याआधी एकदा रिकाम्या वर्गात जा आणि शेवटच्या बाकावर बसून बघा. फळ्याचा खालचा एक तृतीयांश भाग दिसत नसेल तर तिथे लिहू नका. खिडकीच्या उजेडाने फळा चमकतो का, पंख्याचा आवाज किती, रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येतात का, हे तिथेच कळतं. पेठांमधल्या काही शाळांत खिडकीखालीच रहदारी असते; अशा वेळी बोलण्याचं काम रस्त्यालगतची खिडकी अर्धी लावून आणि वर्गाच्या मध्यावर उभं राहून करावं लागतं. टेबलामागून ते जमत नाही.

प्रत्येक मुलापर्यंत तुम्हाला चालत जाता आलं पाहिजे. बाकांच्या रांगांमध्ये एक माणूस आडवं न होता जाईल एवढी वाट ठेवा आणि दप्तरं त्या वाटेत येऊ देऊ नका. बाकाखाली किंवा बाकाच्या भिंतीकडच्या बाजूला. जिथे तुमचे पाय पोचत नाहीत, तिथे गडबड होणार हे धरून चाला. शेवटचा बाक वाईट नसतो, तो लांब असतो एवढंच.

बसण्याचा नकाशा तुम्ही करा. मुलांना हवं तिथे बसू दिलं तर पहिल्या दिवशी प्रेमाने दिलेली सूट दुसऱ्या आठवड्यात काढून घ्यावी लागते आणि त्यावरून वाद होतात. उंचीप्रमाणे बसवणं सोपं, पण अपुरं. आधी नजर आणि कान बघा: चष्मा असलेली, फळ्याकडे बघताना डोळे बारीक करणारी, एका कानाने कमी ऐकणारी मुलं पुढे. मग एकमेकांना पेटवणाऱ्या जोड्या लांब. मागच्या वर्षीच्या वर्गशिक्षकांना एवढंच विचारा की कोणाला कोणाशेजारी बसवू नये. 'कोण कसा आहे' ही पूर्ण यादी मात्र मागू नका, ती डोक्यात बसली की पुसत नाही. दर सोमवारी एकेक रांग उजवीकडे सरकवा, म्हणजे खिडकी, पंखा आणि कोपरा सगळ्यांच्या वाट्याला येतात.

नकाशा पेन्सिलने, एका कागदावर, मुलाला ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाने. पहिले दोन आठवडे तो हातात ठेवा. 'ए तिसऱ्या बाकावरच्या' किंवा 'रोल नंबर २७' यापेक्षा नावाने मारलेली हाक दहापट काम करते. एकाच नावाची तीन मुलं असतील तर त्यांनाच विचारा की हाक कशी मारू.

दुबार शाळा असेल, म्हणजे सकाळी एक सत्र आणि दुपारी दुसरं, तर तुमचा वर्ग फक्त तुमचा नाही. बाक हललेले असतात, तक्त्याचा कोपरा फाटलेला असतो. भिंतीवर कायमचं काही लावण्यापेक्षा गुंडाळून कपाटात ठेवता येईल असा एकच तक्ता करा आणि बाकांच्या जागेवर फरशीला खडूने छोट्या खुणा करा. आल्याआल्या एका मिनिटात बाक जागेवर आणणं हे मुलांचं पहिलं काम.

नियम किती आणि कसे

चार. फार तर पाच. 'शिस्तीत वागावे', 'मोठ्यांचा आदर करावा' हे नियम नव्हेत, सुविचार आहेत. ते पाळले गेले का हे डोळ्यांनी दिसत नाही. नियम असा हवा की तो मोडला की मोडणाऱ्यालाही कळेल. उदाहरणार्थ: एक जण बोलत असताना बाकीचे ऐकतात. बोलायचं असेल तर हात वर. दुसऱ्याच्या वस्तूला विचारून हात लावायचा. घंटा झाली तरी बाई किंवा सर सांगेपर्यंत जागेवर.

हे मुलांशी बोलून ठरवा, पण 'तुम्हाला कोणते नियम हवेत?' असं मोकळं विचारलं तर मुलं तुमच्याहून कडक नियम सांगतात, शिक्षांसकट. त्याऐवजी विचारा: 'मागच्या वर्षी वर्गात कशामुळे शिकायला त्रास झाला?' उत्तरं फळ्यावर लिहा आणि त्यातून चार वाक्यं काढा. 'करू नये' ऐवजी 'करायचं' असं लिहा. 'धावू नये' वाचून काय करायचं ते कळत नाही. 'जिन्यात उजव्या बाजूने, चालत' यातून कळतं.

पहिले दहा दिवस: सांध्यांवर काम

गोंधळ भर तासात फार होत नाही. तो होतो एक काम संपून दुसरं सुरू होताना. हे सांधे मोजून सहा-सात आहेत: वर्गात येणं, हजेरी, वही-पुस्तक काढणं, वह्या जमा करणं, पाणी-लघवीला जाणं, गट करणं, मैदानावर जाणं-येणं. प्रत्येकाची एकच रीत ठरवा आणि रोज एक किंवा दोनच शिकवा. पहिल्या दहा दिवसांत यावर रोज १५ मिनिटं गेली तर अभ्यासक्रम मागे पडल्यासारखा वाटतो. पडू द्या. ऑगस्टपर्यंत भरून निघतो.

वर्गात येणं: तुम्ही येण्याआधी किंवा आल्याबरोबर फळ्याच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात ३ मिनिटांचं काम लिहिलेलं असू द्या. कालच्याच भागातलं, कुणालाही न विचारता सुरू करता येईल असं: दोन गणितं, पाच शब्द, एका चित्राखाली दोन ओळी. नवं किंवा अवघड काम दिलं तर पंधरा हात वर होतात आणि हेतू फसतो. 'नमस्ते बाऽऽई' झालं की मुलं बसतील आणि लिहू लागतील. त्याच वेळात हजेरी. नाव घेऊन 'हजर' म्हणवून घेण्यात पन्नासच्या वर्गाची तीन-चार मिनिटं जातात. नकाशावर रिकाम्या जागा बघून अर्ध्या मिनिटात होते.

वह्या जमा करणं हा सगळ्यात वाईट सांधा. 'वह्या आणून ठेवा' म्हटलं की पंचेचाळीस मुलं टेबलापाशी येतात, गठ्ठा कोसळतो, कुणाची तरी वही फाटते आणि पुढची पाच मिनिटं भांडण सोडवण्यात जातात. याची रीत अशी: तपासायचं पान उघडून वही तशीच ठेवायची. शेवटच्या बाकावरचं मूल आपली वही पुढच्याकडे देतं, पुढचं त्यावर आपली ठेवतं, असं पहिल्या बाकापर्यंत. जागेवरून कुणी उठायचं नाही. पहिल्या बाकावरचं एक मूल गठ्ठा सरळ करून टेबलावर आणतं. रांगेला एकच जण चालला. ज्याने वही आणली नाही त्याने कागदाच्या चिठ्ठीवर नाव आणि दिनांक लिहून ती गठ्ठ्यात घालायची, म्हणजे मोजणी बरोबर येते आणि 'मी दिली होती' हा वाद उरत नाही. उघड्या पानामुळे तपासताना तुमचाही वेळ वाचतो. पहिल्यांदा याला तीन मिनिटं लागतील. लागलेला वेळ फळ्यावर लिहा, वह्या परत वाटा आणि पुन्हा करून घ्या. चौथ्या दिवशी एका मिनिटाच्या आत येतात. आपलाच काल मोडायला मुलांना फार आवडतं. रांगांची आपसात स्पर्धा मात्र लावू नका. मग वह्या फेकल्या जातात.

पाणी आणि लघवी: दाराजवळ खिळ्याला दोन कार्डं, एक मुलींचं, एक मुलांचं. कार्ड जागेवर असेल तर हात वर करून खूण करायची, तुम्ही मान हलवली की जायचं, आल्यावर कार्ड परत. बोलणं नाही, तास थांबत नाही. लहान वर्गांत लघवीला कधीही नाही म्हणू नका. पाचवीपासून पुढच्या मुलींना कारण विचारू नका, वर्गासमोर तर नाहीच.

मैदानावर जाताना दोन रांगा, सगळ्यात पुढे सगळ्यात उतावळं मूल नको. ते रांग पळवतं. तुम्ही मध्यावर चाला. बाकीचे सांधे याच पद्धतीने बसतात.

शांततेची खूण

एकच खूण ठरवा. हात वर करणं, किंवा तुम्ही दोन टाळ्या वाजवल्या की मुलांनी तीन. खूण केली की थांबा. खरोखर थांबा. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मुलं गप्प झाली आणि दोघं बोलताहेत, तर सुरुवात करू नका. त्या दोघांकडे बघा. केलीत तर खुणेचा अर्थ 'जवळपास शांत' असा ठरतो आणि तो रोज थोडा सैल होतो.

डस्टर टेबलावर आपटणं पहिल्या आठवड्यात चालतं. दुसऱ्या आठवड्यात जास्त जोरात आपटावं लागतं. आवाजाचंही तसंच: तुम्ही जितके मोठ्याने बोलाल, मुलं तितकी मोठ्याने बोलतात, कारण त्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही. महत्त्वाचं वाक्य हळू आवाजात बोला.

सूचना देताना तीन गोष्टी सांगा: काय करायचं, किती वेळ, झालं की पुढे काय. 'गणित तीन ते सात, वहीत, दहा मिनिटं. झालं की आठवं.' तिसरा भाग नवे शिक्षक हमखास विसरतात. बडबड सुरू होते ती दोन ठिकाणांहून: ज्याचं काम आधी संपलं आणि ज्याला सुरूच करता आलं नाही. पहिल्याला 'पुढे काय' दिलेलं असतं. दुसऱ्याकडे सूचना दिल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात जा. त्या वेळी टेबलावर बसून हजेरीपट भरू नका.

प्रश्न विचारताना आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचे सुटले. थांबणं किमान ३ सेकंद. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या अभ्यासात शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबत होते आणि ती वेळ ३ सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांब, विचारपूर्वक आली, एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. 'समजलं का?' याला येणाऱ्या 'होऽऽऽ' वर विश्वास ठेवू नका.

कुणी बिघडलं तर

पायऱ्या ठरलेल्या असू द्या आणि नेहमी सगळ्यात खालून सुरू करा. नजर. मग शिकवणं न थांबवता त्या बाकापाशी जाऊन उभं राहणं. मग बोटाने त्याच्या वहीवर काम दाखवणं. मग वाक्यातच नाव घेणं: 'तर आता, सार्थक, हा कोन किती अंशांचा?' मग वाकून, दोघांनाच ऐकू येईल असं: 'हे आत्ता थांबव. तासानंतर माझ्याशी बोल.' बहुतेक प्रकरणं तिसऱ्या पायरीपर्यंत संपतात. नव्या शिक्षकाची चूक अशी की तो थेट शेवटून सुरू करतो, सगळ्यांसमोर, आणि मग वर चढायला पायरीच उरत नाही.

आठवी-नववीची मुलं उलट बोलतात. समोर पन्नास जण बघत असताना माघार घेणं त्यांना परवडत नाही, तुम्हालाही नाही. म्हणून तिथे जिंकायला जाऊ नका. 'तुझं म्हणणं मला ऐकायचंय. मधल्या सुट्टीत ये,' एवढं म्हणून फळ्याकडे वळा. आणि मधल्या सुट्टीत खरंच तिथे असा. विसरलात तर पुढच्या वेळी हे वाक्य पोकळ ठरतं.

तासानंतरचं बोलणं दोन-तीन मिनिटांचं. 'असं का वागतोस?' विचारू नका, त्याचं उत्तर मुलाकडे नसतं, ते खाली बघतं. जे दिसलं तेच सांगा: 'आज तिसऱ्या तासाला तू दोनदा जागा सोडलीस. काय चाललं होतं?' मग गप्प राहा. मग: 'उद्या कसं करूया?' उपाय त्याच्या तोंडून येऊ द्या, अगदी बाळबोध असला तरी चालेल.

लहान वर्गांत दिवसभर चालतं ते 'बाई, हा बघा नाऽऽ'. सगळंच ऐकत बसलात तर दुसरं काही होणार नाही, सगळंच झिडकारलंत तर एक दिवस खरं काही घडेल आणि कुणी सांगणार नाही. फरक शिकवा: कुणाला लागलंय, कुणी रडतंय, कुणी घाबरलंय, तर लगेच, तास चालू असला तरी. पेन घेतलं, जीभ दाखवली, तर चिठ्ठी लिहून डब्यात. डबा शनिवारी उघडायचा. निम्म्या चिठ्ठ्या तोवर लिहिणाऱ्यालाही आठवत नाहीत.

आणि तो मॉनिटर. 'मी येईपर्यंत बोलणाऱ्यांची नावं लिही' ही आपल्याकडची जुनी रीत. फळ्यावर नावं, नावांपुढे फुल्या, मित्राचं नाव पुसलेलं, ज्याच्याशी भांडण त्याला चार फुल्या. यातून मॉनिटर पोलीस होतो आणि वर्ग त्याच्यावर डूख धरतो. ही रीत बंद करा. वर्गप्रमुखाला कामं द्या: दिनांक लिहिणं, खिडक्या, पंखे, कपाटाची किल्ली, गैरहजर मुलासाठी गृहपाठ उतरवून ठेवणं. दर पंधरा दिवसांनी बदला आणि वांड मुलांनाही पाळी येऊ द्या.

शिक्षेबद्दल कायदा काय म्हणतो

१ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. छडी, चापट तर आलंच, पण कान धरून उभं करणं, अंगठे धरायला लावणं, कोंबडा करणं, उन्हात उभं करणं हेही त्यातच. 'ढ', 'गाढव' म्हणणं, आईवडिलांच्या कामावरून, जातीवरून, भाषेवरून बोलणं हा मानसिक छळ. 'पालकांनीच मारा म्हणून सांगितलंय' ही सबब कायद्यापुढे टिकत नाही.

कायद्याच्या पलीकडे, काही शिक्षा नुसत्याच निरुपयोगी आहेत. वर्गाबाहेर उभं केलेलं मूल पाठ गमावतं, वऱ्हांड्यात नवी करमणूक शोधतं आणि त्याला काही झालं तर जबाबदारी तुमची. 'पन्नास वेळा लिहून आण' यातून लिहिणं म्हणजे शिक्षा हे शिकवलं जातं. मधली सुट्टी किंवा खेळाचा तास काढून घेतलात तर ज्याला हालचालीची सगळ्यात जास्त गरज, त्याचीच बंद होते आणि सहाव्या तासाला ती वसूल होते. एकाच्या चुकीसाठी अख्ख्या वर्गाला शिक्षा केलीत तर न बोलणारी तीस मुलं तुमच्या विरोधात जातात.

परिणाम चुकीला जोडलेला असावा. बाकावर कोरलं तर पॉलिश पेपर घेऊन मोठ्यांच्या देखरेखीत घासायचं. दुसऱ्याची वही फाडली तर तो धडा उतरवून द्यायचा. वेळ घालवला तर अपुरं काम शाळा सुटण्याआधी पाच मिनिटं बसून. लहान, लगेच, आणि एकदा झालं की संपलं. उद्या नव्याने.

तेच तेच होत असेल तर नोंद करा

एखादं मूल आठवड्यात तीनदा अडलं तर रागावणं थांबवा आणि वहीत पाच रकाने आखा: दिनांक, कितवा तास, आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. दहा नोंदी झाल्या की बहुतेक वेळा काहीतरी दिसतं. फक्त वाचनाच्या वेळी? मग वाचता येत नसावं आणि गोंधळ घातला की पाळी टळते. फक्त फळ्यावरून उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो? त्याला मागे उभं करून फळ्यावरची ओळ वाचायला लावा. नजरेची शंका आली तर पालकांना कळवा, आणि सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येईल तेव्हा तपासून घ्या. सकाळच्या सत्रात पहिल्या दोन तासांत पेंगतो? काही खाऊन येतो का विचारा. पुण्यात बांधकामांवरच्या कुटुंबांची बरीच मुलं मराठी शाळांत येतात. घरी हिंदी, कन्नड, तेलुगू किंवा आणखी काही बोलतात. सूचना कळली नाही म्हणून न उठलेलं मूल आणि मुद्दाम न उठलेलं मूल बाहेरून सारखंच दिसतं.

नोंदीत गप्प मुलंही घ्या. एकदम गप्प झालेलं, डबा न खाणारं, शाळा सुटताना घरी जायला टाळणारं मूल तास बिघडवत नाही, म्हणून सुटून जातं. मुलाने अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर खोदून चौकशी करू नका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि मुख्याध्यापकांना व शाळेतल्या सखी सावित्री समितीला (मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेली समिती) लगेच कळवा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ते 'शाळेचं नाव' म्हणून दाबता येत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक वर्गात दिसेल असा लावा.

पालकांशी

पहिला फोन तक्रारीचा नको. जुलै संपण्याआधी प्रत्येक घरी एक चांगली गोष्ट कळवा, दैनंदिनीत एका ओळीत चालेल: 'आज गटात काम करताना रेवाने दोघींचं भांडण मिटवलं.' नंतर कधी अडचण सांगायची वेळ आली तर त्याच घरातून ऐकून घेतलं जातं. तक्रारीची ओळ 'फार मस्ती करतो, लक्ष द्या' अशी नको. पालकांनी नेमकं काय करावं? 'या आठवड्यात तीन दिवस गणिताची वही नव्हती. रात्री दप्तर भरताना आपण एकदा बघाल का?' हे करता येतं.

पालकसभेला हल्ली आजी-आजोबा येतात, कारण आई-वडील हिंजवडी किंवा खराडीला कामावर असतात. त्यांच्याशी मानाने, पण नेमकं बोला, आणि निरोप लिहून द्या. तोंडी निरोप घरी जाईपर्यंत सौम्य होतो किंवा भयंकर. रिक्षाकाका, व्हॅनकाका यांनाही अधूनमधून विचारा: गाडीत कोण कुणाला त्रास देतं हे त्यांना तुमच्या आधी माहीत असतं. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर कुठल्याही मुलाचं नाव घेऊन वागण्याबद्दल लिहू नका, फोटो तर नाहीच. चाळीस घरांत एकदम बोभाटा होतो.

वर्षाचं गणित

पुण्याच्या शाळेत काही आठवडे असे असतात की नियम तेच राहूनही वर्ग हलतो. जून-जुलैत ओले रेनकोट: वर्गाबाहेर दोरी किंवा खुंट्या लावून घ्या, नाहीतर फरशी ओली, वह्या ओल्या, आणि मैदान बंद म्हणून अंगात साठलेली ऊर्जा. अशा दिवशी चौथ्या तासाला जागेवर उभं राहून ३ मिनिटं हातपाय हलवून घ्या. पालख्या शहरात मुक्कामाला असतात तेव्हा रस्ते बंद होतात. उशिरा येणाऱ्यांना जाब विचारत बसू नका, फळ्याच्या कोपऱ्यातल्या कामाकडे बोट दाखवा. गणपतीआधीचे काही आठवडे नदीकाठी आणि मोकळ्या जागांवर ढोल-ताशांचा सराव रात्रीपर्यंत चालतो. मोठ्या वर्गांतली बोटं बाकावर ताल धरतात. ते बंडखोरीचं लक्षण नाही. त्या दिवसांत पहिल्या तासाला लिखाणाचं काम द्या, ऐकण्याचं नको. डिसेंबरमध्ये स्नेहसंमेलनाच्या तालमीसाठी निम्मा वर्ग गायब असतो. उरलेल्यांना नवा धडा शिकवू नका, परतल्यावर दोनदा शिकवावा लागेल.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलं सगळ्या रीती विसरून येतात. पहिले दोन दिवस जूनसारखेच काढा: वह्या जमा करण्यापासून पुन्हा, घड्याळ लावून.

राखीव तासावर, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या जागी, दुसऱ्याच्या वर्गात गेलात तर तिथले नियम बदलायला जाऊ नका. दारातच फळ्यावर काम लिहा, वेळ सांगा, फिरत राहा. आणि तुम्ही रजेवर असताना तुमच्या वर्गावर येणाऱ्यासाठी टेबलाच्या खणात एक कागद तयार ठेवा: बसण्याचा नकाशा, शांततेची खूण, कार्डांची रीत, मदतीला येतील अशा दोन मुलांची नावं, औषध चालू असलेल्या किंवा फिट्सचा त्रास असलेल्या मुलाची माहिती, आणि ३५ मिनिटं पुरेल असं एक काम. महिन्यातून एकदा तो कागद बदला, कारण नकाशा तोवर चार रांगा सरकलेला असतो.